विहिरीजवळचा वाफा

गंगापूर रोडवरच्या ऑफिसात लोकांच्या गुंतवणुकी तोलणाऱ्या दीपमालाने यंदा घरच्या शेवंतीच्या एकेका वाफ्याचा खर्च नि उत्पन्न मांडून पाहिलं. बाकीचे वाफे सरासरीच्या आसपास होते. विहिरीजवळचा तेवढा खतपाणी खाऊन ढेकरही देत नव्हता. उत्पन्न शून्य. "आई, हा वाफा मोडू. पॅकिंग शेड इथंच परवडेल," म्हणत तिने मोजमापाच्या टेपचं टोक आईच्या हातात दिलं. आई जागची हलली नाही. दीपमालाने वाफ्याकडे नीट पाहिलं. "फुलं लगडलीत, आई! तोडत का नाहीस?" "ती बाजाराची नाय, पोरी. तुझी थोरली बहीण हाय तिथं. सव्वा महिन्याची गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाय. तुझ्या बापानं इथंच माती दिली." घरात हे कुणी कधी बोललंच नव्हतं. "केवढी होती?" आई वाफ्याशेजारी बसली. मांडीवर टेप ओढता ओढता हातभरावर तिचा अंगठा थांबला. "एवढी." दीपमालाने आकडा वाचला नाही.