शेवटचा स्टॉप

गाइडच्या बाइकवर मागे बसून लखनौची खादाडी करत निघालेली जुई अमीनाबादच्या गर्दीत कबाब खात होती, तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला.

“नाही गं आई, बाहेरचं काही खात नाहीये. साधी भाजी-पोळी!” घास कसाबसा गिळत ती म्हणाली.

गाइड अभयने हसू दाबलं. “चलिए मॅडम, लास्ट स्टॉप.”

लखनौच्याच महानगर नावाच्या वस्तीत एका झाडाखाली बाइक लावून त्याने सॅकमधून डबा काढला आणि चक्क मराठीत म्हणाला, “प्लीज, एवढा संपवा यार. सकाळपासून तिसरी टूर आहे, पोटात जागाच नाही. आणि आईला वाटतं मी बँकेत असतो. डबा रिकामाच न्यावा लागतो.”

जुईने झाकण उघडलं.


आत साधी भाजी-पोळी होती.