बिजलीची लीद

"लीद लागेल. निरोगी घोड्याची, ताजी," जनावरांच्या डॉक्टर स्वराताई हात धूत म्हणाल्या. "पाण्यात कालवून, गाळून, नळीनं हिच्या पोटात सोडायची."

अजमत बघतच राहिला. आष्टी आणि आसपासच्या निम्म्या वराती जिच्या पाठीवरून निघाल्या, ती त्याची रेशमा तबेल्यात मान टाकून उभी होती. हगवणीनं तिच्या बरगड्या वर आल्या होत्या.

"आणि ती खनिजांची पावडर आता बंद. चमचाभर द्यायची ती तुम्ही मुठीनं चारलीत. हिच्या पोटातले चांगले जंतूच गेले. चारा पचवतात ते. बाहेरून आणून घातले तरच ही वाचेल, आणि तेही आजच."

लग्नसराईत घोडीचं अंग चमकलं पाहिजे, म्हणून अजमतनं कधी हात आखडता घेतला नव्हता. मायेनंच चारलं होतं सगळं.

आष्टीत दुसरी घोडी एकच, रेशमाची आई बिजली. ती धाकट्या भावाकडं, नदीमकडं होती. वाटणीत अजमतनं कमावती लेक उचलली आणि म्हातारी आई नदीमच्या गळ्यात मारली. वर चार लोकांत हसलाही होता, "जगव तिला कडब्यावर. तुझ्याच्यानं दुसरं काय व्हायचं?" तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. ईदलासुद्धा नाही. नदीमनं खरोखरच बिजलीला कडबा आणि बांधावरचं गवत एवढ्यावर सांभाळलं. पावडर त्याच्या ऐपतीबाहेरची होती.

"मान खाली घालून जा, पन जल्दी जा," म्हणत बायकोनं, सलमानं, त्याच्या हातात बादली दिली.

गल्ली चार घरांची, पण अजमतचे पाय उचलत नव्हते. नाही म्हणायचा नदीमला पुरता हक्क होता. तो नाही म्हणाला तर रेशमा हातची गेली, आणि दोष कुणाला द्यायचीही सोय नव्हती. वेळ पडली तर धाकट्याचे पाय धरायचे, असं ठरवून त्यानं फाटक लोटलं.

अंगणात बिजली निवांत उभी होती. तिच्या मागं जमिनीवर नदीम बसला होता. मांडीवर धुऊन पुसलेलं घमेलं होतं.

"नदीम," अजमतनं बादली खाली ठेवली. "माझं चुकलं रे. रेशमा..."

"मालूम हाय." नदीमनं मान वर केली नाही. "काल रेशमाला बघितल्यावर ताई आज सकाळीच येऊन हिला तपासून गेल्या. तवापास्नं हितंच बसून राह्यलो."

"सकाळपास्नं? मंग हिनं एकदाबी लीद टाकली न्हाई?"

नदीम घमेल्याचा काठ बोटानं पुसत राहिला.

"टाकली ना. घेऊन तुझ्या दारापर्यंत आल्तो, भाई. तू नको म्हणशील वाटलं, म्हणून तसाच माघारी फिरलो."