हातातला हॉर्न

मलकापुरात धम्मपालच्या दारातली जुनी मोटार रविवारी सकाळी आपोआप हॉर्न वाजवू लागली. दुपारी तिच्यातूनच मेव्हणीच्या लग्नाला औंधला जायचं होतं. अख्खी आळी हसत होती.

"वायर कुठंतरी चिकटली असंल," म्हणत त्यानं बॅटरीच काढून ओट्यावर ठेवली. तरी हॉर्न वाजलाच. मग त्यानं हॉर्न खोलला आणि बायकोच्या हातात दिला.

"माया, घे! आता बोंबल म्हणावं!"

"लय गुणी लेकरू हाय," माया त्याला जोजवत खिदळली.

तेवढ्यात तिच्या हातातला हॉर्न दणक्यात वाजला.

दोघांनी मोटारीत पाहिलं. आत कुणीच नव्हतं. स्टिअरिंगवरचं हॉर्नचं बटण मात्र खोल दाबलेलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते सावकाश वर आलं.