टेस्टसाठी टाकलेलं नाव

राजीनाम्यानंतर तिसऱ्या दिवशी शाल्मलीने पोळ्या लाटता लाटता लेकीला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग नुसतंच म्हणाली, "अगं, जेवायला ये."

नऊ वर्षं तिच्या डोक्यात कंपनीचा ऑफिस सूट, म्हणजे कामाच्या सगळ्या सॉफ्टवेअरचा संच, बसवलेला होता. कोड, मीटिंगा, नोंदी, सगळं एकाच जागी, कधी काही अडलं नाही. त्यात लिहिलेला प्रत्येक शब्द कंपनीचा, असं करारात होतं. नोकरी सोडताना ते सगळं तिच्या डोक्यातून काढून घेतलं गेलं.

"पण त्यात आपल्या लेकीचं नाव कसं गेलं?" नवऱ्याने, हेमांगने विचारलं. त्याच्या डोक्यात ओपन सोर्स होतं, कुठल्याच कंपनीच्या मालकीचं नसलेलं फुकटचं सॉफ्टवेअर. ते सारखं बिघडायचं आणि तो रविवारभर दुरुस्त करत बसायचा. शाल्मली त्याला हसायची.

"प्रोग्रॅम टेस्ट करायला कुठलंतरी नाव लागायचं," ती म्हणाली. "मी हिचंच टाकायचे."

हेमांगने ते नाव मोठ्याने घेतलं. तिला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले. लेकीने वहीत लिहून दाखवलं. शाल्मलीने एकेक अक्षर वाचलं, त्याचा शब्द काही झाला नाही. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. तिने तव्यावरची पोळी उलटली.

"मग मला दुसरं नाव ठेव," लेक म्हणाली. "पण आई, ते ऑफिसात वापरू नकोस हं."

शाल्मलीने मान डोलावली. नव्या कंपनीच्या फॉर्मवर, डोक्यात काय बसवायचं या रकान्यात, तिने सकाळीच 'ऑफिस सूट'समोर खूण केली होती.