चाचणीचा आवाज

ॲम्ब्युलन्सवाल्यांचं वायरलेसवरचं बोलणं इमर्जन्सीत नीट ऐकू यावं म्हणून सौदीतल्या हाइल शहरातल्या आमच्या हॉस्पिटलने पहिल्यांदाच डिजिटल स्कॅनर, म्हणजे वायरलेस नुसता ऐकायचा रेडिओ, घ्यायचं ठरवलं. टेक्निशियन रूपेशने तीन नमुने टेबलावर मांडले आणि निवड शोभना सिस्टरांवर सोपवली.

"खाली ॲम्ब्युलन्समध्ये नसरुद्दीनभाईंना बसव आणि बोलायला सांग," त्या म्हणाल्या.

रूपेश घुटमळला. घशाच्या ऑपरेशननंतर नसरुद्दीनभाईंचा आवाज पार बसला होता. जुन्या सेटवर त्यांचं बोलणं कळेना म्हणून त्यांना ड्रायव्हरच्या सीटवरून उठवून स्टोअरमध्ये बसवलं होतं. तिथेही आता माणूस नको होता, पुढच्या महिन्यात त्यांना रत्नागिरीला परत पाठवणार होते.

"सिस्टर, खणखणीत आवाजाचा कुणीतरी घेऊ या ना."

"खणखणीत आवाज कुठल्याही डब्यातून ऐकू येतो. बोलव त्यांना."

पहिल्या स्कॅनरमधून नुसती खरखर आली. दुसऱ्यात शब्द मध्येच तुटत होते. तिसऱ्यातून घोगरा, पण स्पष्ट आवाज आला, "सिस्टर, पेशंट घेऊन निघालोय. दहा मिनिटांत पोचतो. बेड तयार ठेवा."

अठरा वर्षं ते हेच सांगत आले होते. स्कॅनरवरून उलट बोलता येत नाही, म्हणून सिस्टरांनी खिडकी उघडली आणि खाली बघून जोरजोरात हात हलवला.

मग त्या रूपेशकडे वळल्या. "हाच घे. आणि ऑफिसला कळव, आमचा ड्रायव्हर आम्हाला ऐकू येतोय."