सेलासीला हौदात टाकलं

केप कोस्टच्या आमच्या हॉस्टेलात जिचा वाढदिवस असेल तिला अचानक उचलून अंगणातल्या हौदात टाकतात. यंदा सेलासीची पाळी होती. परीक्षेच्या धास्तीने ती धड जेवत नव्हती. प्रबंधाची पहिलीच ओळ खोडून पुन्हा पुन्हा लिहीत बसायची. म्हटलं, पोरीचं डोकं जरा थंड करू.

मी आणि माझी मैत्रीण डेडे दबक्या पावलांनी तिच्या खोलीत शिरलो. बघतो तर बाई केसांवर प्लास्टिकची टोपी चढवून तयारच बसलेल्या! आम्ही तिला उचललं.

"डेडे, तू पायांकडे ये. अशी धरलीस तर मी तिरकी पडेन."

"अगं ए, आज तरी गप्प बस ना!" डेडे करवादली.

आम्ही झोका देऊन तिला धपकन हौदात टाकलं. सगळ्या पोरी टाळ्या पिटत गायला लागल्या. सेलासी बाहेर आली, निथळत आमच्यासमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पसरले. मला वाटलं, आता मिठी मारणार.

"पाणी सगळं एकाच बाजूला उडालं. चला, परत उचला."