बिननावाचा प्रश्न

“तिसरं सॉफ्टवेअर नकोच, सर,” उपप्रमुख आगाशे स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले. कंपनीच्या आयटी विभागाला आपापसांतल्या चर्चेसाठी फोरम निवडायचा होता आणि तीन सॉफ्टवेअर महिनाभर वापरून झाली होती. “यात नाव लपवता येतं, म्हणून लोक वाट्टेल ते विचारतात. हे बघा! ‘बॅकअप रोज घेतो, पण गरज पडली तर त्यातला डेटा परत कसा आणायचा?’ कोण हा दिवटा?”

मीटिंगमध्ये खसखस पिकली. विभागप्रमुख खांबेटे मात्र प्रश्नाखालचं उत्तर वाचत होते. कुणीतरी एकेक पायरी समजावून शेवटी लिहिलं होतं, ‘लाजू नका. मलाही गेल्याच वर्षी कळलं.’

त्यांचे कान तापले होते. चष्मा काढून त्यांनी तो सावकाश पुसला.

“तिसरंच घेऊ,” ते शांतपणे म्हणाले. “आणि तो दिवटा मी. बावीस वर्षं साहेब म्हणून मिरवलो, हे विचारायची सोय कुठे होती?”

कुणी हसलं नाही. संध्याकाळपर्यंत फोरमवर अकरा नवे प्रश्न आले. पहिला आगाशेंचा होता, तोही नावानिशी.